समुद्र शांत आहे हे कानाला कसं कळतं?

मोशीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलात तर ‘काइझेन’ आणि ‘गेम्बा’ हे जपानी शब्द कानावर पडणारच. आज त्यात एक भर घालते: ‘हारु नो उमी’, म्हणजे वसंतातला समुद्र. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे सनई लागते ना, तशी जपानात नववर्षाला ही रचना दुकानांत, टीव्हीवर वाजत असते. तुमच्या प्लँटवर आलेल्या जपानी साहेबांना विचारून बघा. नाव आठवलं नाही तरी सुरुवात गुणगुणतील.

रचनाकार मिचिओ मियागी. जन्म १८९४, कोबे. आठ वर्षांचे असताना दृष्टी गेली. १९३० च्या नववर्षासाठी राजदरबाराने कवितांना विषय दिला होता ‘समुद्राकाठचा खडक’. त्यावरून १९२९ मध्ये त्यांनी हे रचलं. वाद्यं दोनच. तेरा तारांचं कोतो आणि बांबूची, उभी धरून वाजवायची शाकुहाची.

आता माझ्या पीएचडीचा भाग, म्हणजे छेडलेल्या तारेचा नाद विरतो कसा. कोतोची तार छेडली की सूर जन्मतो त्याच क्षणी विरायला लागतो. तो ताणून धरता येत नाही. मियागी ही अडचणच वापरतात. कोतोवर सूर चढतात, उतरतात, पुन्हा तसेच चढतात, आणि आधीची लाट पूर्ण विरायच्या आत पुढची येते. तंबोऱ्याजवळ बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पुढचं काय येणार हे कानाला आधीच कळतं, म्हणून तो निवांत होतो. मग शाकुहाचीचा लांब सूर त्यावर येतो. वादक हनुवटी किंचित खाली नेऊन सूर उतरवतो. आपल्या बासरीतली मींड आठवेल. खाली हलतं पाणी, वर लांबलेला श्वास. शांतपणा त्या दोघांच्या मधे आहे. नुसती लय संथ करून तो येत नाही (मी संगणकावर करून पाहिलं, रटाळ झालं).

या रचनेबद्दल नेहमी म्हणतात, की अंध माणसाने आठवणीतलं दृश्य रंगवलं. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही तेच लिहिलं होतं. नंतर खोडलं. कारण मियागींनी स्वतः सांगितलंय, की सेतोच्या समुद्रातल्या बेटांचा प्रसन्नपणा मनात होता आणि रचनेत लाटांचा आवाज, वल्ह्यांचा आवाज, पक्ष्यांची साद गुंफलीय. बेटं सोडली तर सगळं ऐकू येणारं! मधला जलद भाग म्हणजे जोरात वल्हवणं. त्यांना दृष्टीच्या उणिवेचं कौतुक करून ऐकणं म्हणजे त्यांच्या कानाला कमी लेखणं आहे.

सेतोचा समुद्र तीन मोठ्या बेटांनी वेढलेला, आपल्या हर्णे-दापोलीसारखा उघडा नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या बागेवरून केलंय, ते ओकायामा याच समुद्राकाठी.

१९३२ मध्ये रने शमे या फ्रेंच व्हायोलिनवादिकेने शाकुहाचीची जागा घेतली. कोतोवर स्वतः मियागी. त्या ध्वनिमुद्रणामुळे रचना जपानबाहेर पोचली. मला मात्र ते जरा जास्तच गोड वाटतं. गजाला श्वास घ्यावा लागत नाही. आधी शाकुहाचीवालं ऐका, मग हे. सुरुवातीची दोन मिनिटं पुरेत.