छाव्याचे चित्र आणि तिरपे ऊन

शाळेची सहल मुंबईला आली की भायखळ्याची राणीची बाग चुकत नाही. 1862 साली ही बाग खुली झाली. कागदोपत्री तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण भायखळ्यात कुणाला विचाराल तर तो राणीची बागच म्हणेल. सहलीतल्या एकदोन गुरुजींच्या हातात हल्ली कॅमेरा नाही तर फोन असतोच. आणि गावी परतल्यावरची तक्रारही ठरलेली: “पिल्लू डोळ्यांना किती गोजिरवाणे दिसत होते, चित्रात मात्र नुसता पिवळा गोळा आला!”

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मुलांचा हिरमोड व्हायला नको. राणीच्या बागेतली शेवटची सिंहीण 2014 साली गेली. पुढे 2020 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून शक्ती आणि करिश्मा ही वाघाची जोडी आली, आणि 2021 च्या नोव्हेंबरात त्यांना वीरा झाली. सिंहाचे म्हणाल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2022 च्या अखेरीस जुनागढहून मानस आणि मानसी यांना आणले. जानेवारी 2025 मध्ये मानसीला एक छावा झाला. तेव्हा भायखळ्यात वाघ, बोरिवलीत सिंह. उन्हाचा हिशेब मात्र दोन्हीकडे एकच.

आता तो पिवळा गोळा का होतो? सिंहाचा रंग वाळल्या गवताचा. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते, सावली पोटाखाली जाते, आणि अंगाचा उठाव नाहीसा होतो. गवत पिवळे, जमीन पिवळी, छावाही पिवळा! शिवाय छाव्याच्या अंगावर फिकट तपकिरी ठिपके असतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. वाढत्या वयात ते पुसट होत जातात. पोटावर आणि पायांवर काही वेळा मोठेपणीही राहतात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ते सहसा नसतात, आणि दुपारच्या झगझगीत उन्हात तुमच्या चित्रातही येत नाहीत. सकाळचे ऊन बाजूने येते. मग केस न् केस उजळतो, कानाची कड सोनेरी होते, ठिपके वर येतात. सूर्य खाली असताना त्याच्या किरणांना हवेतून लांबचा पल्ला तोडावा लागतो. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि तांबूस-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. ती सोनेरी छटा येते ती इथून.

पण फाटक उघडते साडेनवाच्या सुमारास. तोवर सकाळ संपली नाही का? ते महिन्यावर आहे. डिसेंबरात मुंबईला साडेनऊ वाजता माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट असते. मे महिन्यात त्याच वेळी ती जेमतेम उंचीएवढी. हा प्रयोग शाळेच्या अंगणात काठी रोवून मुलांकडून करून घ्यावा, फुकटचा आहे. सावली काठीच्या दीडपट असेपर्यंत ऊन कामाचे. म्हणून सहल हिवाळ्यात काढा आणि आल्याबरोबर आधी वाघाकडे जा; बाकीचे मागून पाहिले तरी चालते. (बुधवारी बाग बंद असते, हेही ध्यानात असू द्या.) दुसरे असे, की ही जनावरे दिवसाचा बराच भाग झोपून काढतात. पिल्लांची दंगामस्ती चालते ती सकाळी आणि सांजच्याला.

राणीच्या बागेत झाडी दाट. पानांतून कवडसे पडतात, आणि पिल्लाचे अर्धे तोंड पांढरेफटक, अर्धे काळे येते. अशा वेळी थांबावे. पिल्लू एका जागी बसत नाही. पूर्ण उन्हात किंवा पूर्ण सावलीत येईलच. झोपलेल्या जनावराला सेकंदाचा साठावा भाग पुरतो, पण आईच्या शेपटीवर झेप घेणाऱ्याला पाचशेवा भाग हवा. नाही तर चार पायांचे आठ होतात. फोनवाल्यांनी पिल्लाच्या डोळ्यावर बोट टेकवावे आणि उजेड किंचित कमी करावा.

मध्ये काच असेल तर भिंग काचेला अगदी लावून धरा, भोवती काळे फडके किंवा विद्यार्थ्याची टोपी धरली की आपलेच प्रतिबिंब जाते. फ्लॅश नकोच: तो काचेवर आपटून परत येतो आणि जनावर बिचकते ते वेगळेच. काचेवर नाणी वाजवणारे, शुकशुक करणारे लोक पाहिले की मला राग येतो. पिल्लावर संकट आहे असे वाटले तर सिंहीण त्याला तोंडात धरून दुसरीकडे नेते. पिंजऱ्यात नेणार कुठे? नवी पिल्ले काही महिने लोकांना दाखवत नाहीत ते याचसाठी. रखवालदाराशी हुज्जत घालू नये.

रानातला आशियाई सिंह आज फक्त गुजरातेत आहे. 2025 च्या गणनेत 891 भरले. आपल्या खेड्यातल्या पुष्कळ मुलांना छावा दिसेल तो गुरुजींनी आणलेल्या चित्रातच. म्हणून चित्र कापताना आईचा पंजा कडेला आला असेल तर राहू द्या. त्याच्याशेजारी छाव्याचा पंजा केवढासा, हे मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसते.