उपासमारीत आखडणारा इग्वाना

ओहोटी लागली की गॅलापागोस बेटांच्या काळ्या लाव्हा खडकांवर सागरी इग्वाना चरायला उतरतात. बोथट तोंड खडकाला भिडवून बारीक, तीन टोकी दातांनी शेवाळ खरवडतात. खोल बुडी मारतात ते धिप्पाड नरच. माद्या आणि पिल्लं उघड्या पडलेल्या खडकांवर भागवतात. समुद्रात चरणारा आजच्या जगातला हा एकमेव सरडा. थंड पाण्यात त्याचं शरीर सुमारे १० अंशांनी गार पडतं, म्हणून बाहेर आल्यावर तो तासन्‌तास उन्हात पसरलेला असतो. मधूनच फुर्रकन नाकातून खारा फवारा उडतो. अंगातलं जादा मीठ ग्रंथी असं बाहेर टाकतात आणि डोक्यावर त्याचा पांढरा थर वाळतो.

एल निनो आला की समुद्र तापतो, खालचं पोषक थंड पाणी वर येईनासं होतं आणि नेहमीचं शेवाळ नाहीसं होतं. मग हा प्राणी नुसता रोडावत नाही, चक्क लांबीने आखडतो! संशोधक मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थॉम यांनी २००० साली मांडलेल्या मोजमापांत प्रौढ इग्वाना ६.८ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास २० टक्के, आखूड झाले होते. एवढी घट केवळ कूर्चा झिजून होणार नाही. हाडंही शोषली जात असावीत, असा त्यांचा कयास. जे जास्त आखडले ते जास्त जगले, कारण लहान देहाला कमी चारा पुरतो. शेवाळ परतलं की ते पुन्हा वाढले.

इतका चिवट जीव माणसाने आणलेल्या संकटांपुढे मात्र हतबल आहे. जानेवारी २००१ मध्ये ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बेटाजवळ रुतलं. प्रवाहांनी बरंचसं तेल दूर नेलं, किनारे फारसे माखले नाहीत. तरीही वर्षभरात सांता फे बेटावरचे ६२ टक्के इग्वाना मेले. शेवाळ पचवणारे आतड्यातले जिवाणू तेलाने मारले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

जमिनीवर तर तो फारच भाबडा. १८३५ मध्ये डार्विनने एकाला वारंवार पाण्यात फेकलं. तो दरवेळी डार्विनच्याच दिशेला परत आला. किनाऱ्यावर मोठा शत्रूच नसण्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. माणसाबरोबर आलेलं मांजर किंवा कुत्रं अगदी जवळ येईपर्यंत तो हलत नाही. मादी वाळूत खड्डा करून घालते जेमतेम १ ते ६ अंडी. त्यातून निघालेली पिल्लं मांजरांच्या तोंडी जातात. गॅलापागोसमध्ये १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९८ पासून सागरी राखीव क्षेत्रही. तरी माझ्या मते, अंडी घालण्याच्या किनाऱ्यांवरून भटकी मांजरं हटवणं हे आज सगळ्यांत निकडीचं काम आहे.