तिळाएवढी अक्षरं

आमच्या वाटूरला माझा भाचा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मागच्या वर्षी मी त्याच्यापुढे एक बंद पडलेला रेकॉर्डर ठेवला. यंत्र माझं, पण आतला आवाज अम्मीचा. जात्यावर बसली की ती जे गुणगुणायची, ते मी तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यात भरून घेतलं होतं. नक्कल काढायची राहून गेली.

भाच्यानं यंत्र उघडलं. हिरव्या पट्टीवर तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर निकामी झाला होता. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, पाठीवर दोनच खुणा. मी मोबाइलवर फोटो काढून मुंबईला पाठवला. तो पाहून दुकानदाराला ‘१ए’ वाटलं, होतं ‘२ए’. फरक एका आकड्याचा, पण अशा पार्टवर पहिली खूण साधारणपणे एनपीएन जातीची आणि दुसरी पीएनपी जातीची असते. दोघांतून वीज उलट्या दिशेनं वाहते. नवा पार्ट बसवला, यंत्र मुकंच.

‘मामू, हा फोटो नाही, धुकं हाय,’ भाचा म्हणाला. मग मी हट्टानं शिकायला बसलो.

पहिली गोष्ट उमगली ती अशी. वस्तूच्या जितकं जवळ जावं, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. कॅमेऱ्यानं वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी टिपायला गेलं, तर हा थर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी उरतो. ट्रान्झिस्टरची उंचीच साधारण तेवढी! म्हणून फोटोत पाय स्वच्छ येतात आणि पाठीवरची अक्षरं विरून जातात. भिंगाचं छिद्र लहान केलं तर थर वाढतो. पण फारच लहान केलं तर प्रकाश पसरून सगळंच चित्र मऊ पडतं.

मोबाइल अगदी टेकवला तर त्याला फोकस सापडत नाही. थोडं मागे सरावं, चित्र मोठं करावं, किंवा भिंगापुढे छोटं भिंग लावावं. हात थरथरतोच, म्हणून मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. पट्टी मोबाइलला समांतर असावी. फ्लॅश बंद. दिवा बाजूनं, मध्ये ट्रेसिंग पेपर. लेसरनं कोरलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. तिरप्या उजेडात उठून येतात. शेजारी मोजपट्टी ठेवली की आकारही कळतो.

तरीही सगळं एका फोटोत मावलं नाही, तर फोकस केसभर सरकवत आठ-दहा फोटो घ्यावेत. त्यांतले स्पष्ट भाग जोडून एक चित्र करणारी सॉफ्टवेअर आहेत.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एका रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली होती. लहान गोष्ट पाहायला मोठा धीर लागतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

दुसऱ्या खेपेला मुंबईहून नेमका पार्ट आला. भाच्यानं डाग दिला, बटण दाबलं. आधी जात्याची घरघर, मग अम्मी. दोन ओळी म्हणून ती थांबते आणि विचारते, ‘बंद केलंस का रे?’

त्याच संध्याकाळी मी तीन नकला काढल्या.