तेरची वीट आणि न भिजणारी छिद्रे

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या जुन्या वीटकामात पाण्यावर तरंगणाऱ्या विटा आढळल्या आहेत. अशा विटेची युक्ती साधी असते. मातीत तूस मिसळायचे; भट्टीत तूस जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी उरते. वीट हलकी होते खरी, पण दोन प्रश्न उभे राहतात. ती भार किती सोसेल? आणि तरंगेल किती वेळ? छिद्रांत पाणी शिरले की हवा बाहेर पडते आणि वीट बुडते.

सच्छिद्र कार्बनी बहुवारिके, म्हणजेच सच्छिद्र पॉलिमर, तयार करणाऱ्या आम्हा रसायनशास्त्रज्ञांपुढे हेच दोन प्रश्न आहेत. या पदार्थांत ताठर कार्बनी रेणू सहसंयुज बंधांनी जोडून जाळे विणलेले असते. छिद्रे काही नॅनोमीटरची. काही पदार्थांच्या एका ग्रॅमला ३००० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. कबड्डीचे मैदान १३ × १० मीटरचे धरले, तर चिमूटभर भुकटीत तेवीस मैदाने मावली!

आधी पाण्याचे पाहू. ज्वारीच्या पानावर मेणाचा पांढुरका थर असतो, म्हणून पावसाचा थेंब त्यावरून ओघळून जातो. थेंबाच्या कडेशी, पाण्याच्या बाजूने मोजलेल्या कोनाला संपर्ककोन म्हणतात. तो ९० अंशांहून जास्त असेल तर पृष्ठभाग जलविरोधी. सपाट मेणावर हा कोन सुमारे ११० अंश भरतो. समजा, पृष्ठभाग इतका खडबडीत केला की थेंबाखाली २० टक्के जागी मेण आणि ८० टक्के जागी हवाच राहिली. १९४४ साली कॅसी आणि बॅक्स्टर यांनी दिलेल्या सूत्राने गणित करू. ११० अंशांची कोज्या –०.३४. तीत १ मिळवून ०.२ ने गुणले तर ०.१३, त्यातून १ वजा केल्यावर –०.८७. ही १५० अंशांची कोज्या आहे. पदार्थ तोच, पण आता थेंब गोटीसारखा घरंगळतो. पुण्याच्या आयसरमध्ये अशा जाळ्यांचा थर देऊन कागद आणि कापड जलविरोधी केल्याचे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही हवा टिकते किती दाबापर्यंत? ते छिद्राच्या व्यासावर ठरते. मेणासारख्या पृष्ठभागाचे छिद्र १०० मायक्रोमीटरचे असेल तर साधारण १० सेंटिमीटर खोल पाण्याचा दाब अडतो. एक मायक्रोमीटरचे असेल तर १० मीटरचा, म्हणजे चांगल्या खोल विहिरीच्या तळाशी असतो तेवढा. छिद्र जितके बारीक तितका नकार ठाम. वाफ मात्र वायुरूपात आत जाऊ शकते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

आता बळकटीकडे वळू. उघड्या छिद्रांच्या फेसाचा ताठरपणा सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दहा टक्के पदार्थ आणि नव्वद टक्के हवा असेल, तर ताठरपणा मूळ पदार्थाच्या शंभरावा हिस्सा. हवा वाढवावी तर भिंती दुबळ्या होतात. भिंती वाकून छिद्रे मिटली की जलविरोधही गेला. इथवर पाहता दोन्ही गुण एकमेकांचे वैरीच वाटतात.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि आम्हाला सर्वांत रंजक वाटतो तो हाच भाग. पाण्याची ओढ असलेले १० नॅनोमीटरचे छिद्र भिजले आणि वाळू लागले, की पृष्ठताण त्याच्या भिंती आत ओढतो. ही ओढ वायुदाबाच्या सुमारे २८० पट असते! नाजूक जाळी तेवढ्याने कोसळते. ज्या छिद्रात पाणी शिरतच नाही, त्याला हा ताण सोसावा लागत नाही. म्हणजे पाण्याला दिलेला नकार बळकटीचेही रक्षण करतो.

उरतो प्रश्न आकाराचा. हे पदार्थ बहुधा भुकटीच्या रूपात मिळतात आणि भुकटीची गाळणी काही होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१७ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली. घटक पदार्थ, आम्ल आणि थोडे पाणी कणकेसारखे मळायचे, हवा तो आकार द्यायचा आणि तापवायचे. या रीतीला त्यांनी नाव दिले ‘कार्बनी टेराकोटा’. मातीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरच्या कारागिरांना ही कृती परकी वाटली नसती.

वर्गात करण्याजोगा प्रयोग ज्वारीच्या ताटाचा. मुले ज्याच्या बैलगाड्या करतात ते आतले भेंड म्हणजे निसर्गाचे सच्छिद्र बहुवारिकच. पण सेल्युलोजचे, म्हणून पाण्याचे लोभी. वाळलेल्या भेंडाचे दोन सारखे तुकडे घ्या. त्यांची लांबी, जाडी आणि वजन मोजा. एक तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत पूर्ण वाळवा. मापे पूर्वीइतकीच आहेत का? दोन्हींवर एकसारखे वजन ठेवले तर आधी कोणता दबतो?