इतिहासाचे अध्यापन (लेखांक पाचवा) : पूर्वज्ञानाचा रकाना

गेल्या लेखांकात धड्याची तासिकांमध्ये विभागणी कशी करावी याचा विचार झाला. त्या विभागणीच्याही आधी येणारा, आणि पाठ टाचणात बहुधा सर्वांत घाईने उरकला जाणारा, असा जो पूर्वज्ञानाचा रकाना, त्याचा परामर्श आज घ्यावयाचा आहे. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीचे पहिले पद पूर्वतयारीचे. नव्या विषयाला विद्यार्थ्याच्या मनात आधीच वसत असलेल्या कल्पनांचा आधार मिळाला पाहिजे, हे तत्त्व आपल्या अध्यापक विद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, आणि डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यालाच अग्रपूजेचा मान दिला. तत्त्वाविषयी वाद नाही. परंतु 'विद्यार्थ्यांना शिवरायांच्या कार्याची माहिती आहे' एवढे एक वाक्य टाचणवहीत लिहून आपण तो रकाना भरतो, तेव्हा वर्गातल्या पन्नास मुलांच्या पन्नास निरनिराळ्या तयाऱ्या एकाच शेऱ्याने निकालात काढतो.

या शेऱ्याचा फोलपणा मीरा-भाईंदरइतका अन्यत्र क्वचितच उघडा पडेल. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ भरली. उत्तन-डोंगरीकडील कोळी व ख्रिस्ती कुटुंबे आणि मिठागरांवर आयुष्य काढलेली आगरी घराणी ही येथील मूळची वस्ती. तिच्याभोवती कोकण व घाटमाथ्यावरून, सौराष्ट्र-मारवाडातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली बिऱ्हाडे वसली. राज्याच्या अभ्यासक्रमात चौथीला शिवछत्रपतींचे चरित्र आणि सातवीला मध्ययुगीन भारतासह मराठ्यांचा इतिहास, अशी योजना आहे. म्हणजे सातवीचा पाठ चौथीच्या पायावर उभा. आता जो मुलगा सहावीत परप्रांतातून येथे दाखल झाला, त्याचा तो पायाच दुसरीकडे घातलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा अधिकार दिला, हे योग्यच झाले. पण हजेरीपत्रकात इयत्ता एक लागली म्हणून मागची सगळी वाट सर्वांनी सारखीच चाललेली असते, असे नव्हे.

शिवाय हा भेद केवळ कमी-अधिकाचा नाही, तो प्रकाराचाही आहे. ज्याला काही ठाऊक नाही, त्याची अडचण त्यातल्या त्यात सोपी, कारण त्याला सांगितले की भागते. ज्याने वसई जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांना २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटातच काय ते पाहिले, त्याच्या मनातील चित्र आधी मोकळे करावे लागते. ज्याला सनावळी मुखोद्गत आहे परंतु 'का?' असे विचारताच जो गप्प होतो, त्याची हुशारी शिक्षकालाही फसवते. आणि उत्तनच्या ज्या मुलीला चर्चमधील सण, किल्ल्याचे पडके बुरूज आणि खाडीची भरती-ओहोटी यांचे ज्ञान आहे, पण ते 'इतिहास' या सदरात मोडते याची कल्पना नाही, तिच्याजवळचे भांडवल तर परीक्षेच्या कोणत्याच रकान्यात जमा होत नाही.

म्हणून वसईच्या मोहिमेचा पाठ घेण्यापूर्वी, आदल्या दिवशीच्या तासिकेतील शेवटची दहा मिनिटे काढून, मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी आणि तिला गुण नाहीत हे प्रथमच जाहीर करावे. चिठ्ठीत चार गोष्टी असाव्यात. शिवराज्याभिषेक, पानिपतचा तिसरा संग्राम, वसईचा विजय आणि गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांना वसई देणे, या घटना क्रमाने लावणे; भाईंदर स्थानक, खाडी आणि वसईचा किल्ला यांचा अंदाजाने नकाशा काढणे; पोर्तुगीज येथे कशासाठी आले असतील ते दोन ओळींत लिहिणे; आणि चिमाजी आप्पांविषयी जे ऐकले असेल ते, कोणाकडून ऐकले यासह नोंदवणे. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण 'आजोबांनी सांगितले', 'चित्रपटात पाहिले', 'पोवाड्यात ऐकले' आणि 'माहीत नाही' या चार उत्तरांपुढे चार निरनिराळे पाठ उभे असतात.

चिठ्ठ्या वाचून झाल्या की दुसऱ्या दिवशी लगेच गट पाडू नयेत. आधी कथा सांगावी, आणि ती सर्वांना एकत्र सांगावी. कारण कथेवर सर्वांचा समान हक्क आहे, आणि ज्याला कमी येते त्याला फक्त तक्ते भरायला बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. साष्टी बेटासह हा मुलूख दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिला. १६७४ चा राज्याभिषेक झाला तेव्हाही खाडीवर त्यांचेच निशाण होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, घोडबंदर घेतले, आणि तरीही वसईचा किल्ला हाती येण्यास १७३९ चा मे महिना उजाडला. तह होऊन पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांनिशी, कुटुंबकबिल्यासह बाहेर पडली. पंधरा मिनिटांचे हे निवेदन फळ्यावरील नकाशाच्या आधारे झाले की वर्गापुढे एकच प्रश्न ठेवावा : ठाणे पडल्यावर वसई पडायला दोन वर्षे का लागली?

प्रश्न सर्वांना एकच. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र तीन. ज्यांच्या चिठ्ठीत कालक्रम विस्कटलेला आहे, त्यांना सनांच्या पट्ट्या आणि कोरा नकाशा द्यावा. ठाणे, घोडबंदर, धारावी आणि वसई ही ठिकाणे खाडीच्या काठाने मांडली की वसईला समुद्र, खाडी आणि दलदल यांचा वेढा आहे, जमिनीवरून हल्ल्याची वाट मुख्यतः उत्तरेची आहे, आणि उत्तनकडील चौक गावाजवळचा धारावीचा किल्ला खाडीच्या मुखावर नजर ठेवतो, हे त्यांना न सांगता दिसते. ज्यांना घटना माहीत आहेत पण कारणे सुचत नाहीत, त्यांनी पाठातील मजकूर वाचून भौगोलिक, लष्करी आणि राजकीय अशा तीन रकान्यांत कारणांची वर्गवारी करावी : समुद्रमार्गे गोव्याहून येऊ शकणारी कुमक, पावसाळ्यात थांबणारी लढाई, तटाखाली सुरुंग खोदण्याचे जिकिरीचे काम. आणि ज्यांना सगळे येते, अशांना अधिक प्रश्न देऊ नयेत. त्यांना अधिक अवघड साधन द्यावे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आणि नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात टांगलेल्या घंटा वसई प्रांतातील चर्चमधून आल्या, असे सांगितले जाते; त्यांची छायाचित्रे समोर ठेवून, ही वस्तू विजेत्याला काय सांगते, पराभूताला काय सांगते, आणि १७७४ अखेरपर्यंत मराठ्यांच्याच अमलात राहिलेल्या साष्टीतील ख्रिस्ती रयतेला काय वाटले असेल, याची त्यांनी मांडणी करावी. पाठांतराच्या जोरावर पुढे असलेला विद्यार्थी येथे प्रथमच अडखळतो, आणि ते इष्टच आहे.

अखेरची पंधरा मिनिटे मात्र प्रत्येक गटातून एकेक घेऊन नवे त्रिकूट बसवावे. कारणांची यादी करणाऱ्याला नकाशावाल्याची गरज पडते, कारण धारावी कोठे आहे हे कळल्याखेरीज ती आधी का घ्यावी लागली हे त्याला पटवून देता येत नाही. घंटेवर बोलणाऱ्याला सनांच्या पट्ट्या मागाव्या लागतात. ज्याला आपण मागासलेला समजत होतो त्याच्याजवळील वस्तू दोघांना हवी असते, हे दृश्य मुलांच्या नजरेस पडणे हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ होय.

दोन पथ्ये सांगणे अवश्य आहे. गट त्या पाठापुरतेच असावेत. नकाशाच्या गटातील मुलगा पुढच्या पाठात साधनांच्या गटात गेला नाही, तर वर्गात नव्या जाती निर्माण केल्याचे पाप आपल्या माथी येईल. आणि दर पाठाला तीन स्वाध्याय तयार करणे साठ मुलांच्या वर्गाच्या शिक्षकाला परवडणारे नाही, हेही मान्य केले पाहिजे. सत्रात असे तीन-चार पाठ निवडावेत, इतरत्र निदान चिठ्ठी तरी घ्यावी. तेवढ्यानेही टाचणवहीतील ते एक वाक्य बदलेल, आणि 'विद्यार्थ्यांना माहिती आहे' याऐवजी कोणाला काय आणि कोठून माहीत आहे, हे तेथे लिहिले जाईल.

तीन वाटांनी आलेल्या मुलांची उत्तरपत्रिका एकच असावी की निराळी, हा यातून उद्भवणारा मूल्यमापनाचा प्रश्न पुढील लेखांकात पाहू.