रोखे कोठे आहेत?

गोदामात पडलेला माल आणि हुंडीच्या मुदतीस हाती असलेली रोकड या दोन वस्तू एक नव्हेत, हे इतवारीतील व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. गोदामात लाखाचा माल असूनही ठरल्या दिवशी हजार रुपये निघाले नाहीत, तर पेढीची पत जाते. बँकेचेही तसेच आहे. ठेवी मागताच परत द्यावयाच्या, आणि कर्जे मात्र हंगामाअखेर वसूल व्हावयाची. हे अंतर भरून काढण्याकरिताच बँकेने ठेवींचा काही भाग रोख व काही सरकारी रोख्यांत ठेवावा, असा कायदा आहे. रोखा विकून पैसा तत्काळ उभा राहतो, आणि तारण ठेवून बाजारात एका रात्रीपुरती उसनवारीही मिळते. रोखा हा बँकेच्या अडचणीच्या दिवसाचा आधार होय.

परंतु तो रोखा बँकेपाशी असेल तर! नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ साली खाजगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेण्याकरिता शंभर कोटींहून अधिक रुपये दिले. पैसे गेले, रोखे आले नाहीत. त्या दलालांपैकी होम ट्रेड ही कंपनी २००२ साली कोसळली. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांस ५ वर्षांच्या सश्रम कारावासाची शिक्षा सुनावली. शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा हक्क आरोपींस आहेच, व त्याविषयी आम्ही काही बोलत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या शेतकऱ्याने सावकाराच्या दारातून सुटण्यासाठी सहकाराचे दार ठोठावले, त्याची एकवीस वर्षे कोणता निकाल परत देणार?

रिझर्व्ह बँकेने २००२ मध्येच कागदी रोख्यांचा व्यवहार बंद करून आपल्या नियंत्रणाखालील संस्थांस इलेक्ट्रॉनिक नोंदीची सक्ती केली, हे योग्यच झाले. २०२० पासून ठेवविम्याची मर्यादाही ५ लाखांची झाली. तथापि विमा हा बुडाल्यानंतरचा उपाय आहे. बुडू नये म्हणून जागे राहणे हे सभासदाचे काम आहे.

असे प्रश्न उघडपणे विचारल्याने बँकेची पत जाते, असे काही संचालक म्हणतील. आमचे उत्तर असे की, जी पत हिशेब विचारताच डळमळते ती पत नव्हे, तो केवळ भ्रम होय. म्हणून प्रत्येक सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्या : रोखे किती आहेत, ते कोणाच्या नावे नोंदलेले आहेत, आणि उद्या ठेवीदार दारी आल्यास किती रक्कम किती दिवसांत उभी राहील? लाभांशाची घोषणा होताच टाळ्या वाजविणाऱ्या सभेने या उत्तरांची लेखी नोंद मागितली असती, तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ कदाचित् आलीच नसती.