सहा फेब्रुवारीचे सव्वीस रक्तसाक्षी

कॅथलिक पंचांगात ६ फेब्रुवारीला जपानचे रक्तसाक्षी पाउलो मिकी आणि सहकाऱ्यांचा सण असतो. या सव्वीस जणांत एक आपला वसईचा आहे : गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जन्म १५५६ च्या सुमाराचा. जपानमध्ये त्याने व्यापार केला, तिथली भाषा आत्मसात केली. जेझुइट संघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा मनिलात तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने यांतल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा लचका तोडला, भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांत वीस जपानी होते. लुईस इबाराकी जेमतेम बारा वर्षांचा. किशोरवयीन थॉमस कोझाकीने वाटेत आईला निरोपाचे पत्र लिहिले. ते त्याच्यासोबतच मारल्या गेलेल्या वडिलांच्या कपड्यांत सापडले. एवढी एकच गोष्ट वाचली तरी गळा दाटून येतो.

मृत्यू पाचचा, मग सण सहाला का? पाच तारीख त्याआधीपासूनच तिसऱ्या शतकातील सिसिलीच्या रक्तसाक्षी संत अगाथाची आहे.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी सर्वांना संत घोषित केले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळालेला गोन्सालो पहिला. वसईजवळच्या गास गावातले चर्च आज त्याच्याच नावाने आहे.